बहात्तर तुकड्यांचे गाव

मुलांनो, खेळ म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर मैदान येते. क्रिकेट, कबड्डी, खो-खो. पावसाळ्यात मैदानात चिखल झाला की घरात कॅरम किंवा लुडो. आज मी यांपैकी कोणत्याही खेळाविषयी लिहिणार नाही. ज्या खेळात सुरुवातीला जमीनच नसते, जमीन खेळता खेळता तयार होते आणि ती तयार होता होता कुणाची हेही ठरत जाते, अशा एका खेळाविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. या खेळाबद्दल माझे मत चांगले आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी मला खटकतात. त्याही मी लपवणार नाही.

या खेळाचे नाव कार्कासोन. फ्रान्स देशाच्या दक्षिणेला या नावाचे एक जुने शहर आहे. त्याला दुहेरी तटबंदी आहे आणि तटाला गोल बुरूज आहेत. १९९७ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा मान दिला. क्लाउस-युर्गन व्रेडे नावाचे एक जर्मन गृहस्थ पेशाने संगीताचे शिक्षक. त्या भागात फिरताना त्यांना हा खेळ सुचला. २००० साली तो छापून विकायला आला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतले ‘वर्षाचा उत्तम खेळ’ हे मोठे बक्षीस त्याला मिळाले. संगीताच्या शिक्षकाने जमिनीचा खेळ का करावा, असे तुम्ही विचाराल. मला वाटते, जो मनुष्य दिवसभर एका सुराला दुसरा सूर जुळवतो, त्याला तुकड्याला तुकडा जुळवणे कठीण जात नसावे.

खेळ कसा आहे ते आता पाहा. जाड पुठ्ठ्याचे बहात्तर चौकोनी तुकडे असतात. प्रत्येक तुकड्यावर जमिनीचा थोडासा भाग काढलेला असतो. कुठे रस्ता, कुठे तटबंदीच्या शहराचा कोपरा, कुठे हिरवे शेत, कुठे मधोमध एक मठ. एक तुकडा मध्ये ठेवून खेळ सुरू होतो. आपली पाळी आली की पालथ्या ठेवलेल्या तुकड्यांतून एक उचलायचा आणि आधीच्या तुकड्यांना लावायचा. नियम एकच : रस्त्याला रस्ता मिळाला पाहिजे, शहराला शहर आणि शेताला शेत. पाहता पाहता जमिनीवर किंवा चटईवर एक मुलूख पसरत जातो. दोन डावांत एकसारखा नकाशा कधी तयार होत नाही.

तुकडा लावला की त्यावर आपली एक सोंगटी ठेवता येते. शतरंजमध्ये जसे मोहरे असतात, तशा या लाकडी सोंगट्या. पण सगळ्या एकाच आकाराच्या, हातपाय पसरलेल्या माणसासारख्या. इंग्रजी बोलणारे खेळाडू त्यांना मीपल म्हणतात. ‘माझी माणसे’ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचे जोडून केलेले हे नाव आहे. सोंगटी शहरात ठेवली तर ती सरदार होते, रस्त्यावर ठेवली तर वाटमारी करणारा, मठात ठेवली तर साधू आणि शेतात आडवी निजवली तर शेतकरी. शहराचा तट पुरा झाला की त्यातल्या प्रत्येक तुकड्याचे दोन गुण मिळतात. पुऱ्या झालेल्या रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक गुण. मठाच्या आठही बाजूंना तुकडे लागले की नऊ गुण. काम पुरे झाले की सोंगटी परत हातात येते आणि पुन्हा वापरता येते. काम अर्धवट राहिले तर ती तिथेच अडकते. प्रत्येकाजवळ मांडायला सोंगट्या सातच असतात. त्यामुळे माणूस कुठे गुंतवायचा आणि कुठे गुंतवायचा नाही, हाच या खेळातला खरा प्रश्न आहे.

आता मी राहतो त्या गावाचे सांगतो, कारण त्याशिवाय माझे म्हणणे तुमच्या लक्षात येणार नाही. कोहमारा हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले गाव. मुंबईहून कोलकात्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक सहा होता, आता त्रेपन्न आहे. उत्तरेकडचा रस्ता गोरेगाववरून गोंदियाला जातो आणि दक्षिणेकडचा नवेगावबांध, अर्जुनी मोरगाववरून वडशाकडे. म्हणजे कोहमारा हा चौरस्ता आहे. नकाशात आमचे गाव शोधायचे असेल तर दोन रेषा एकमेकींना कुठे कापतात ते पाहावे.

कार्कासोनच्या बहात्तर तुकड्यांत चार रस्ते एकत्र येतात असा तुकडा एकच आहे. आमच्याकडची मुले त्याला कोहमाराच म्हणतात. तो कुणाच्या हातात आला की ओरडा होतो. पण गंमत पाहा. खेळाच्या नियमाप्रमाणे चौरस्त्यावर रस्ता संपतो. चारही रस्ते तिथे येऊन थांबतात आणि ज्याचे त्याचे गुण मोजले जातात. प्रत्यक्षात आमचे गाव जगते ते रस्ता इथे संपत नाही म्हणून. ट्रक थांबतात, चालक चहा पितात, चाकातली हवा पाहून घेतात आणि पुढे जातात. बसमधून उतरलेला माणूस दुसऱ्या बसची वाट पाहत फराळाच्या दुकानात बसतो. रस्ता खरोखर इथेच संपला असता तर ती दुकाने चालली नसती. खेळ रचणाऱ्याने तटबंदीचे शहर पाहिले, चौरस्त्याचे गाव पाहिले नाही, एवढाच याचा अर्थ.

या खेळात सर्वांत जास्त भांडणे कशावरून होतात? शहरावरून. ज्या शहरात आधीच कुणाची सोंगटी उभी आहे, तिथे दुसऱ्याला सरळ शिरता येत नाही. पण शेजारी, थोडे अंतर सोडून, नवे शहर सुरू करता येते आणि त्यात आपली सोंगटी ठेवता येते. पुढे योग्य तुकडा हाती आला की दोन्ही शहरे जोडून टाकायची. आता एका शहरात दोघे. ज्याच्या सोंगट्या जास्त, त्याला सगळे गुण. दुसऱ्याला काहीच नाही. पहिल्यांदा खेळणारी मुले यावर रागावतात. माझ्या भाचीने सहा तुकड्यांचे शहर जमवले होते आणि तिच्या धाकट्या भावाने मागच्या दाराने दोन सोंगट्या आणून ते सगळे घेतले. तिने तुकडे उधळून लावायचेच बाकी ठेवले होते. ही बेइमानी आहे, असे तिचे म्हणणे. नियमात बसते, असे त्याचे.

तुम्हाला काय वाटते? मी सांगतो मला काय वाटते ते. यात बेइमानी नाही, कारण सगळ्यांना नियम आधीच ठाऊक आहे आणि प्रत्येक तुकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लावला जातो. मामाचा कौल आपल्या बाजूने लागला नाही म्हणून भाची दिवसभर माझ्याशी बोलली नाही, ते वेगळे. पण एक सोंगटी जास्त म्हणून सगळे शहर एकाचे आणि ज्याने ते बांधायला सुरुवात केली त्याला शून्य, ही गोष्ट मला आवडत नाही. मला खटकणाऱ्या दोन गोष्टींपैकी ही पहिली. आमच्या भागात धानाच्या बांध्या एकमेकींना लागून असतात. मधल्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. दरवर्षी एकेक वीत धुरा सरकवत नेणारे शेजारी तुमच्याही पाहण्यात असतील. हळूहळू, कुणाच्या लक्षात न येईल अशा बेताने. त्याचे खटले कोर्टात वर्षानुवर्षे चालतात आणि जमिनीच्या किमतीपेक्षा वकिलाची फी जास्त होते.

मात्र याच नियमाचा दुसरा भाग मला फार आवडतो. दोघांच्या सोंगट्या सारख्या असतील तर गुण अर्धे-अर्धे वाटले जात नाहीत. दोघांनाही पुरे गुण मिळतात! म्हणजे बारा गुणांचे शहर असेल तर याला बारा आणि त्यालाही बारा. हे लक्षात आले की खेळाडूंची चाल बदलते. दुसऱ्याचे शहर हिसकावून घेण्यापेक्षा त्यात बरोबरीने शिरावे आणि दोघांनी मिळून तट लवकर पुरा करावा, हे जास्त फायद्याचे ठरते. चार जण खेळत असतील तर अशी भागी करणारे दोघे पुढे निघून जातात आणि एकटे लढणारे दोघे मागे राहतात. हे मुलांना कुणी शिकवावे लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या डावात ती आपणहून ‘ये, माझ्या शहरात ये’ म्हणू लागतात. भाची आणि तिचा भाऊही आता भागीत शहर बांधतात. शेवटच्या तुकड्याला मात्र दोघांपैकी कुणी तरी दगा देतो, तो भाग सोडून द्या.

आता शेतकऱ्याविषयी. शेतात निजवलेली सोंगटी खेळ संपेपर्यंत उठत नाही. ती परत मिळत नाही. डाव संपला की तिच्या शेताला लागून जेवढी पुरी झालेली शहरे असतील, त्या प्रत्येकाचे तीन गुण मिळतात. सबंध डावभर ज्याच्याकडे कुणी पाहिले नाही, तो शेतकरी शेवटी डावच फिरवतो, असे पुष्कळदा घडते. हा नियम नवख्यांना कठीण वाटतो. शेत कुठून कुठपर्यंत आहे, कोणत्या रस्त्याने ते तोडले आहे, हे पाहताना गोंधळ होतो. म्हणून नव्या आवृत्तीच्या नियमपुस्तिकेत हा भाग शेवटी टाकला आहे आणि आधी त्याच्याशिवाय खेळावे असे सुचवले आहे. पुष्कळ लोक पुढेही त्याच्याशिवायच खेळतात. मला हे मान्य नाही. शेतकरी काढून टाकला तर उरते फक्त तट बांधण्याची घाई. हिरवी जमीन मग नुसती रंगाची जागा होते.

धानाच्या शेतात राबणाऱ्या घरांतली मुले या नियमाला वेगळाच आक्षेप घेतात. त्यांचे म्हणणे असे की शेतकऱ्याला शहराचे गुण का म्हणून? पिकाचे का नाहीत? शहर पुरे झाले नाही तर शेतकऱ्याने काय उपाशी राहायचे? हा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. याचे जे उत्तर मी दिले ते असे : शेतकरी धान पिकवतो, पण ते घेणारा कुणी हवा. शहर वसले तर धान विकले जाईल. मुलांचे त्यावर समाधान झाले नाही. माझेही फारसे झाले नाही. धानाला भाव काय मिळाला, खरेदी केंद्र कधी उघडले, पाऊस किती दिवस उशिरा आला, यांतले काहीच त्या हिरव्या तुकड्यावर नाही.

तेव्हा मुलांनी स्वतःचा संच करायचे ठरवले. दुकानातला संच महाग पडतो, तुम्हालाही तो सहज मिळणार नाही. किराणा दुकानातली रिकामी खोकी आणा. त्यांच्या पुठ्ठ्याचे सारख्या मापाचे बहात्तर चौकोन कापा. माप अगदी सारखे हवे, नाही तर चार तुकड्यांतच नकाशा वाकडा होतो. चित्रे रंगीत खडूने काढली तरी चालतात. सोंगट्यांऐवजी चिंचोके, गुंजा, बटणे, काहीही घ्या. फक्त प्रत्येकाचे वेगळे ओळखू यावे. या संचात शहराऐवजी गाव आले, आणि मठाच्या जागी तलाव आला.

तलाव का, ते सांगायला हवे. गोंदिया-भंडारा हा तलावांचा मुलूख. जुन्या मालगुजारांच्या काळात गावोगाव पाणी अडवून तलाव बांधले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तेव्हापासून कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. लोक थोडक्यात मामा तलाव म्हणतात. कोहमाऱ्याच्या दक्षिणेला नवेगावबांधचा मोठा तलाव आहे. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. डोंगरांच्या मधल्या फटी बांधाने बुजवून हे पाणी अडवलेले आहे. यंत्रे नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

तर खेळात तलावाच्या भोवती आठ तुकडे लागले की नऊ गुण. पण ते कुणाला? मूळ खेळात मठात बसलेल्या एकट्या साधूला ते मिळतात. इथे मुलांत दोन पक्ष पडले. एक म्हणाला, ज्याने तलाव लावला त्याचाच तलाव. दुसरा म्हणाला, पाणी भोवतालच्या सगळ्या बांध्यांना जाते, तर ज्याचा ज्याचा शेतकरी तिथे आहे त्या सगळ्यांना गुण हवेत. दोन दिवस वाद चालला. शेवटी असे ठरले की तलाव लावणाऱ्याला नवातले तीन आणि उरलेले सहा भोवतालच्या शेतकऱ्यांत. एकच शेतकरी असेल तर त्याला सगळे सहा. मला हा नियम मूळ नियमापेक्षा चांगला वाटतो. हे मी मामा म्हणून नाही, खेळाडू म्हणून सांगतो. यामुळे तलावाजवळ शेतकरी निजवण्याची चढाओढ लागते आणि तलाव चारही बाजूंनी लवकर भरतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना असे खेळ नेहमीच पसंत पडतात असे नाही. त्यांचे दोन आक्षेप असतात. पहिला, हा जुगाराचा नाद तर नाही ना? त्यांना सांगावे की यात फासे नाहीत, पैसे नाहीत, पैज नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : बसून खेळण्यात वेळ वाया जातो. आमचे एक शेजारी यासाठी प्रेमचंदांच्या शतरंजच्या कथेचा दाखला देतात. तुम्ही ती उर्दूत वाचली असेल. अवधचे राज्य इंग्रजांनी १८५६ साली घेतले. तेव्हा लखनऊचे दोन रईस शतरंजच्या डावात इतके बुडालेले असतात की त्यांना त्याचे काहीच वाटत नाही. राजासाठी ज्यांनी तलवार उपसली नाही, ते शेवटी लाकडी वजिरासाठी एकमेकांचा जीव घेतात.

दाखला बिनतोड आहे, पण तो शतरंजवर लावणे मला पटत नाही. ते दोघे गंजिफा खेळत असते किंवा कबुतरे उडवत असते, तरी हेच झाले असते. पटाबाहेर पाहायचेच नाही असे त्यांनी ठरवले होते. आमची मुले तलावाच्या गुणांवरून भांडली तेव्हा त्यांतल्या एकाने घरी जाऊन आजोबांना विचारले की आपल्या तलावाचे पाणी आधी कुणाच्या बांधीला सुटते आणि का. आजोबांनी अर्धा तास समजावून सांगितले. असा वेळ वाया गेला म्हणता येईल का?

जमीन काबीज करण्याचे खेळ काही नवे नाहीत. वहीच्या मागच्या पानावर ठिपके जोडून चौकोन करण्याचा खेळ तुम्ही सगळेच खेळला आहात. तोही याच जातीचा. गेल्याच्या आधीच्या शतकात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने तो छापून प्रसिद्ध केला. चीनमधला गो हा खेळ तर दोन हजार वर्षांहून जुना. त्याच्या पटावर तीनशे एकसष्ट बिंदू असतात आणि काळ्या-पांढऱ्या खड्यांनी जागा वेढायची असते. २०१६ साली एका संगणकाने कोरियाच्या ली सेडॉल या नामवंत खेळाडूला त्यात चार विरुद्ध एक डावांनी हरवले, तेव्हा जगभर गाजावाजा झाला. आपल्याकडे मुंबईच्या झैन मेमन यांनी ‘शासन’ नावाचा खेळ रचला आणि तो २०१९ साली लोकांसमोर आला. त्यात खेळाडू पुढारी होतात. प्रश्नांची उत्तरे देऊन बळ मिळवायचे, मतदार मिळवायचे आणि एकेका विभागात बहुमत करायचे. ज्याचे बहुमत, तो त्या विभागातले मतदार शेजारच्या विभागात हलवूही शकतो! तो मोठ्यांचा खेळ आहे. तुम्ही मतदानाच्या वयाचे झालात की जरूर खेळा.

मला खटकणारी दुसरी गोष्ट राहिली. कार्कासोनच्या तुकड्यांवर झाडे आहेत, पण ती शोभेची. जंगलाला एकही गुण नाही. आमच्या गावाच्या एका बाजूला नवेगाव आणि दुसऱ्या बाजूला नागझिरा. २०१३ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ, बिबटे, रानगवे या जंगलातून त्या जंगलात जातात आणि त्यांच्या वाटेत आमचे रस्ते आडवे येतात. २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये कोहमारा-गोंदिया रस्त्यावर मुर्दोलीजवळ मोटारीची धडक बसून एक तरुण वाघ मेला. रस्ता लांब झाला की गुण वाढतात, एवढेच खेळ सांगतो. तो रस्ता कशातून गेला, हे विचारत नाही.

घरच्या संचात म्हणून जंगलाचे आठ तुकडे वाढवले आहेत. म्हणजे आता तुकडे ऐंशी झाले. त्यांचे काय करायचे यावर अजून एकमत नाही. भाची म्हणते, जंगलाला जंगल जुळले की प्रत्येक तुकड्याला दोन गुण द्यावेत आणि ते कुणा एकाला न देता शेवटी सगळ्यांना द्यावेत. तिचा भाऊ म्हणतो, सगळ्यांना सारखेच मिळणार असतील तर जंगल लावील कोण? त्यापेक्षा जो रस्त्याने जंगल तोडील त्याचे गुण कापावेत. मी सध्या भावाच्या बाजूने आहे. पण किती गुण कापायचे ते ठरत नाही. तो तीन म्हणतो, मी पाच म्हणतो. तुम्ही आपला संच केलात तर दोन्ही प्रकारे चार-चार डाव खेळून पाहा आणि गुण वहीत लिहून ठेवा.